जुन्या जीपचे काम : हात आपले, हिशेब कुणाचा?

बिडकीनच्या शिवारात आता मोटारीचे कारखाने येऊ घातले आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने राज्य शासनाशी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. त्याच वर्षी विजेवरच्या स्कूटर बनविणाऱ्या एथर कंपनीचे आणि जेएसडब्ल्यूच्या विजेवरच्या गाड्यांचे नावही आमच्या ऑरिक वसाहतीशी जोडले गेले. तेव्हापासून चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नाही. जमिनीचा भाव काय, पोराला नोकरी लागेल काय, ठेका कुणाला मिळेल. चर्चा व्हायलाच हवी. परंतु याच पैठण रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली आपली माणसे कितीतरी वर्षांपासून मोटारी बनवीत आहेत, त्यांची चर्चा कुठे होत नाही. 'बनवीत आहेत' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. गंजून चाळण झालेली, भंगाराच्या भावाने आणलेली चाळीस-पन्नास वर्षांची जीप जो माणूस सहा-आठ महिन्यांत उभी करतो आणि चारही चाकांच्या जोरावर नांगरलेल्या काळ्या रानातून चालवून दाखवितो, त्याला नुसता दुरुस्तीवाला म्हणणे बरोबर नाही.

मी कापडाचा माणूस. पाना-स्क्रू माझ्या हाताला ठाऊक नाही. शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजाराने शिकविली, आणि मोटारीतले जे थोडेफार कळते ते गॅरेजवाल्यांना हूडाचे कॅनव्हास विकता विकता कळले. म्हणून यंत्राविषयी पुढे जे येईल ते उस्ताद मंडळींकडून ऐकलेले व डोळ्यांनी पाहिलेले आहे. हिशेबाविषयी जे येईल ते मात्र माझे स्वतःचे आहे आणि तेच सांगण्यासाठी लेखणी उचलली आहे.

आमच्या लहानपणी जीप म्हणजे सरकार. तहसीलदाराची जीप, जायकवाडीच्या पाटबंधारे खात्याची जीप, आरोग्य केंद्राची जीप. पुढे काळीपिवळी आली आणि जीपजातीच्या गाडीत दहाच्या जागी वीस माणसे बसून बाजाराला जाऊ लागली. आता काळ असा आला आहे की डॉक्टर, बिल्डर, वकील, पुण्याला नोकरीला असलेली मुले आणि बागायतदारांची पोरे जुनी फोर-व्हील जीप शोधत खेड्यापाड्यांतून फिरतात. पावसाळ्यात चिखलात, ओढ्यात, डोंगरात घालण्यासाठी त्यांना ती हवी असते. याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. रस्ता नसलेल्या वाटेने जाणे हा आपला नाइलाज होता, त्यांचा तो शौक आहे. असो. गिऱ्हाईक दारात आले आहे, त्याच्या शौकाची चौकशी करण्याचे आपल्याला कारण नाही. पण त्याच्याशी सौदा कसा करायचा याची चौकशी जरूर केली पाहिजे.

या गाडीचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट आहे. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलकी, चारही चाके ओढणारी गाडी मागितली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला. पुढे मोठी ऑर्डर मात्र विलिस आणि फोर्ड यांनाच मिळाली आणि महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपा काढल्या. नमुना करणारा मागे राहिला व माल काढणारा पुढे गेला, हे कारागिरांना नवे नाही.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात पोलादाच्या व्यापाराची एक पेढी सुरू झाली. तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार होते. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरलही होते. १९४८ साली पेढीच्या पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे नाव आले. याच कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडण्यास सुरुवात केली आणि पुढे परवान्याने पूर्ण गाडी इथेच बनू लागली. मी ही हकीकत गल्लीतल्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना ती बनविलेली वाटते.

धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब दुसरीच आहे. कंपनीने एकाच घडणीची गाडी थोड्याफार बदलांनी अर्धशतकाहून अधिक काळ काढली. इंजिने बदलली, पेट्रोलच्या जागी डिझेल आले, इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इंजिन निघू लागले, चाकांमधले अंतर ८० इंचांवरून ९१ इंचांवर गेले, पण हाडे तीच राहिली. २०१० साली थार आली तेव्हा कुठे नवे प्रकरण सुरू झाले. त्यामुळे बापाने ज्या गाडीचा गिअरबॉक्स खोलला तिच्याच घरातल्या गाडीचा मुलगाही खोलतो. डोळे मिटून कोणता बोल्ट कुठे बसतो हे सांगणारे उस्ताद आपल्याकडे आहेत ते यामुळे. ही मिळकत आहे. घर-जमिनीसारखी कागदावर दिसत नाही एवढेच.

बाहेरच्या जगात तिची किंमत काय होते पाहा. इंग्लंडच्या लँड रोव्हर कंपनीने २०१६ साली आपल्याच जुन्या पहिल्या मालिकेतील गाड्या शोधून, स्वतःच्या कारखान्यात पुन्हा मूळ रूपात उभ्या करून विकण्यास काढल्या. टोयोटाचीही तीच गोष्ट. टोयोटाने १९५१ साली जीपच्या धर्तीवरच आपली चारचाकी-ओढ गाडी बनविली, तिला १९५४ पासून लँड क्रूझर म्हणतात. २०२१ मध्ये या कंपनीने चाळीस क्रमांकाच्या जुन्या लँड क्रूझरसाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनविण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीच्या कारखान्याची आमचे गाव वाट पाहत आहे, तिलाच जुनी गाडी जिवंत ठेवण्यात फायदा दिसतो, आणि आमच्या मिस्त्रीचा मुलगा मात्र लोकांना सांगतो की अब्बा 'भंगारचे काम' करतात.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते सांगतो. गिऱ्हाइकाला रंग दिसतो. खरे काम रंगाच्या आत असते.

जीप मिळते कुठून? सरकारी लिलावातून, सैन्याच्या निकाली मालातून, किंवा एखाद्या वाड्याच्या मागे बाभळीखाली पडलेली. जाणता मिस्त्री आधी इंजिन पाहत नाही. आधी आरसी बुक मागतो आणि चेसीसवर ठोकलेला नंबर चुन्याने किंवा खडूने घासून वाचतो. कागद व नंबर जुळला नाही तर ती गाडी नव्हे, लोखंड आहे. मग सांगाडा पूर्ण मोकळा करतात. पाटे जिथे अडकवितात त्या जागी चेसीस गंजते आणि तडकते. सुतळी धरून दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे भरले नाहीत तर गाडी आयुष्यभर एका अंगाला ओढत राहते, वर कितीही सोन्याचा मुलामा द्या. पुढच्या धुऱ्यात किंगपिनचे बेअरिंग, गुडघ्याच्या सीला, डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनच्या दातांतली मोकळीक. त्यानंतर येते फोर-व्हीलची खरी पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात. इथून पुढच्या व मागच्या दोन्ही धुऱ्यांना जोर वाटला जातो. तिच्यातला मधला शाफ्ट घासतो, तेल गळू लागते, आणि जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम याच पेटीच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असल्याने ते तेल थेट ब्रेकवर जाते. चढणीवर गाडी मागे सरते व ड्रायव्हर ब्रेकवाल्याला शिव्या देतो. उस्ताद मात्र वाकून आधी पेटीखाली बोट फिरवितो.

याच पेटीत 'लो' गिअर असतो. तो टाकला की चाकांचा वेग सुमारे अडीच पटीने घटतो व ओढ तितक्याच पटीने वाढते. आमच्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टरसुद्धा रुततो. तिथे घोड्यांची संख्या फारशी कामी येत नाही. सावकाश फिरणारे चाक आणि थोडी हवा कमी केलेले टायर कामी येतात, कारण हवा कमी केली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटले जाते. परतताना डांबरी रस्त्यावर हवा पुन्हा भरली पाहिजे. शहरातली मुले नेमके हे विसरतात आणि टायर फाटला की टायरवाल्याशी भांडतात.

हूडाचे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, तो माझा प्रांत आहे. जीपचे छत कापडाचे. गिऱ्हाईक स्वस्तात रेक्झिन लावून घेते, दोन उन्हाळ्यांत ते कडक होऊन घडीवर फाटते. जाड सुती कॅनव्हास चांगला, परंतु तो आधी भिजवून, वाळवून, आटवून घेतला पाहिजे. तसे न केल्यास पहिल्या पावसात हूड आखडतो आणि बटणे लागत नाहीत. मग दोष कुशनवाल्याच्या मापाला दिला जातो. शिवण सुती दोऱ्याची असेल तर पाण्याने दोरा फुगतो व सुईचे भोक बुजवितो. पॉलिएस्टरचा दोरा उन्हात जास्त टिकतो पण भोक बुजवत नाही, तेव्हा शिवणीवर आतून पट्टी द्यावी लागते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, कोणती वापरली ते गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. हूडाचे कापड मीटरने विकणारे पुष्कळ आहेत, आटवून देणारे फार थोडे. ज्या शिंप्याला हे काम जमते त्याने बुरख्या-झब्ब्याच्या शिलाईबरोबर हेही करावे. एका हूडाची मजुरी कित्येक झब्ब्यांची असते.

इथपर्यंत सर्व ठीक. भांडण सुरू होते ते 'मॉडिफिकेशन' या शब्दापासून.

गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखविते आणि म्हणते, अशी बनवून द्या. उंच केलेली, रुंद टायरची, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग, आत दुसऱ्याच गाडीचे इंजिन, रंग फौजी हिरवा. मिस्त्री म्हणतो, 'हो जाएगा साहब.' या तीन शब्दांनी आपल्या लोकांचे जेवढे नुकसान केले तेवढे मंदीनेही केले नसेल.

आधी यंत्राची बाजू पाहू. पाट्यांत जादा पान घालून किंवा लांब शॅकल लावून गाडी उंच केली की तिचा तोल वर सरकतो व ती वळणावर उलटण्यास सोपी होते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा नळ ताणला जातो. स्टिअरिंगची दांडी तिरकी झाल्याने खड्ड्यात गाडी आपोआप वळते. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला तर मीटर ५० दाखवितो तेव्हा गाडी ५५ ने जात असते आणि ब्रेक मात्र जुन्याच मापाचे. काही जण चिखलात एक चाक रिकामे फिरू नये म्हणून डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर वेल्डिंग करून टाकतात. चिखलात ते चालते. पक्क्या रस्त्यावर वळताना आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळे अंतर कापायचे असते, ते न जमल्याने टायर घासतात आणि एके दिवशी धुरा तुटतो. वेल्डिंगचे पाचशे रुपये मिळतात, धुरा तुटतो तेव्हा गाडीत कुणाची तरी मुले बसलेली असतात.

दुसरी बाजू कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या व आरसीवर नोंदलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, त्यात नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचा. पुढच्या लोखंडी गार्डावर कारवाई करण्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले. आणि तो फौजी हिरवा रंग! केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणाला वापरता येत नाही. तरीही दर दुसरे गिऱ्हाईक तोच मागते आणि आपला पेंटर डबा उघडतो.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १०,०००. पर्यावरण कर निराळा. म्हणजे जुन्या जीपचा मालक दर पाच वर्षांनी इन्स्पेक्टरसमोर उभा राहणारच आहे. त्या दिवशी बॉनेट उघडले जाते. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या व मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात घालता येत नाही, पण तिची प्रतिष्ठा व किंमत वाढते. अट एकच, मूळ रूप शाबूत हवे. ज्या मिस्त्रीने अशा जीपला कापून रुंद केले त्याने गिऱ्हाइकाच्या पैशाने गिऱ्हाइकाचाच माल हलका केला.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची जीप होती. आरसीवर पेट्रोल इंजिन, आत बसविलेले डिझेल, नोंद कुठेच नाही. घाटात गाडी उलटली, माणसे अल्लाच्या कृपेने वाचली. विमा कंपनीने इंजिनचा नंबर पाहिला आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली. मालक मिस्त्रीच्या दारात आला. मिस्त्री म्हणाला, 'भाई, मी तुम्हाला तेव्हाच सांगितले होते, आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर चढवून घ्या.' मालक म्हणाला, 'कधी सांगितले? दाखव.' दाखविण्यास काहीच नव्हते. मोहल्ल्यातले चार जण बसले, मिस्त्रीने सत्तर हजार रुपये तीन हप्त्यांत देण्याचे कबूल केले आणि दुसऱ्या हप्त्यासाठी आपले वेल्डिंगचे मशीन विकले. तो मिस्त्री खरे बोलत होता असे मला आजही वाटते. खरे बोलणारा माणूस कागदाअभावी खोटा ठरला.

आता कमाईचा हिशेब. समजा एका जीपची मजुरी ठोक १,२०,००० रुपये ठरली. सुटे भाग गिऱ्हाईक देणार. मिस्त्रीला वाटते मोठे काम मिळाले. काम नऊ महिने रेंगाळते, कारण गिऱ्हाईक महिनाभर क्राऊन-पिनियनच पाठवीत नाही. त्यातले प्रत्यक्ष कामाचे दिवस ११० धरा. हाताखालच्या पोराची हजेरी ५०० प्रमाणे ५५,०००. रॉड, गॅस, पॉलिश पेपर, धुण्याचे डिझेल, वीज मिळून १५,०००. बाहेरच्या लेथवाल्याचे १०,०००. झाले ८०,०००. उरले ४०,०००, त्याला ११० ने भागा. उस्तादाची रोजी पडली सुमारे ३६४ रुपये. पोराची ५००! शिवाय नऊ महिने शेडची अर्धी जागा अडली, त्या काळात आलेल्या पिकअप आणि टेम्पोच्या कामाला 'जागा नाही' म्हणावे लागले, ते या आकड्यात धरलेलेच नाही. मी हे आकडे कागदावर मांडून शेजारच्या उस्तादांना दाखविले तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, 'सेठ, यापेक्षा मी तुमच्याकडे गठ्ठे उचलीन.'

कापडाच्या धंद्यात आम्ही ठोक भाव सांगतो पण तागा मोजून. जीपच्या कामातही तागा मोजता येतो. सांगाडा व चेसीस एक, पुढचा-मागचा धुरा दोन, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस तीन, इंजिन चार, ब्रेक-स्टिअरिंग पाच, पत्रा-रंग सहा, वायरिंग सात, हूड-गादी आठ. प्रत्येक टप्प्याची मजुरी वेगळी, टप्पा सुरू होण्याआधी इसार आणि संपल्यावर बाकी. सुटा भाग पंधरा दिवसांत आला नाही तर त्यानंतर जागेचे रोजचे भाडे. गिऱ्हाईक नाराज होईल असे मिस्त्री म्हणतात. जो डॉक्टर तपासणीची फी आधी घेतो, तो यावर नाराज होणार नाही.

आणि शौकाचे बदल? सरसकट नकार द्यावा असे मी म्हणत नाही. बरेच काही असे आहे की ज्याने गाडीची मूळ घडण बदलत नाही. चेसीसला पक्का बोल्ट केलेला ओढ-हूक, कंपनीच्या मापातले पण खोल नक्षीचे टायर, फ्री-व्हील हब, पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून नीट बंद केलेले डिस्ट्रिब्यूटर व श्वासनळ्या, चांगले ब्रेक, दोरी, फावडे. खऱ्या चिखलात गाडी यांनीच निघते, दिव्यांच्या रांगेने निघत नाही. इंजिन बदलायचेच असेल तर आधी आरटीओकडे अर्ज व लेखी परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद. रंगाचेही तसेच. ज्याला पूर्ण वेगळीच गाडी हवी आहे, फक्त स्वतःच्या रानात किंवा बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धेत चालविण्यासाठी, त्याने ती ट्रॉलीवर घालून न्यावी, सार्वजनिक रस्त्यावर आणू नये, आणि तसे लिहून द्यावे. लिहून देत नसेल तर त्याचा हेतू काय आहे ते समजून घ्या आणि काम सोडा. हरियाणातल्या डबवाली गावाने जुन्या भागांतून उघड्या जीपा बनविण्यात देशभर नाव काढले. हुन्नर मोठे आहे यात वाद नाही. मात्र गाडी घेणाऱ्याला नोंदणीच्या दारात जे हेलपाटे पडतात तेही सर्वांना माहीत आहेत. आपल्याला त्यांचे हात घ्यायचे आहेत, ती डोकेदुखी घ्यायची नाही.

काही बुजुर्ग मला म्हणाले की हा पैसेवाल्यांचा इसराफ आहे, त्यात आपल्या पोरांनी का पडावे. मी त्यांना एवढेच विचारले की औरंगाबादचा हिमरू कोणत्या गरिबाने नेसला होता? पैठणी कोणत्या मजुरिणीने घेतली होती? खर्च करणारा आपल्या खर्चाचा जाब देईल. विणणाऱ्याने घामाची मजुरी घेतली, त्यात खोट काढता येत नाही. हिमरूचे माग शहरात किती उरले हेही आपण पाहिलेच आहे. तिथेही कारागिराने भाव ठरविला नाही, दलालाने ठरविला. जीपच्या कामात अजून दलाल बसलेला नाही, पण शहरातली काही शोरूमसारखी दुकाने खेड्यातल्या मिस्त्रीकडून गाडी बनवून घेऊन आपल्या पाटीखाली विकू लागली आहेत. मिस्त्रीला मिळालेली मजुरी आणि गाडीची विक्रीची किंमत यांतले अंतर मी ऐकले तेव्हा मला पैठणीच्या पेठेची आठवण झाली.

दुसरा आक्षेप तरुणांचा आहे. कारखाना येतोय, गाड्या विजेवर चालणार, डिझेल जीपचे काम शिकून काय करायचे? यात तथ्य आहे. कारखान्यात जागा मिळत असेल तर जरूर जावे. वाळूजला १९८० च्या दशकात बजाज आली, शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली, तेव्हा ज्यांच्याकडे आयटीआयचा कागद होता ते आत गेले आणि ज्यांच्याकडे फक्त हुन्नर होते ते गेटबाहेर टपरीवर राहिले. म्हणून मुलाने आयटीआय करावे आणि सुटीच्या दिवशी बापाच्या शेडमध्ये हातही काळे करावेत. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. ज्याला शाळा सोडून पंधरा-वीस वर्षे झाली अशा मिस्त्रीसाठी पूर्वीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी कौशल्य योजनेत सोय आहे, तिचा फायदा घेणारे आपल्यात फार थोडे दिसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पेशे आहेत. त्यात लोहार आहे, शिंपी आहे, कुलूपवाला आहे. मोटार मिस्त्री नाही. आपल्या व्यापारी संघटनांनी निवेदने पुष्कळ विषयांवर दिली, या विषयावर एक तरी द्यावे.

उद्यम नोंदणी फुकट होते, तिला आधार व पॅन लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा बिल दिले की कर लागेल ही भीती बऱ्याच जणांना उगाच वाटते. साधे छापील बिल देण्यास कुणाची हरकत नाही. बँकेत खाते चालते असेल आणि वर्षाची बिले फाईलमध्ये असतील तर उद्या कारखान्याच्या गाड्यांच्या देखभालीचा ठेका मागताना दाखविण्यास काहीतरी हाती असेल.

राहिला प्रश्न लिहिणार कोण. उस्तादांचे हात तेलाचे, अक्षर उर्दू, गिऱ्हाईक मराठी किंवा इंग्रजी. इथे आम्हा कापड-किराणावाल्यांनी पुढे यावे. आपल्याकडे मुनीम आहे, बिले करणारा मुलगा आहे. आठवड्यातून एक तास त्याने शेजारच्या गॅरेजला दिला तर दुकान बुडत नाही. मी दोन गॅरेजवाल्यांसाठी एका पानाचा नमुना छापून घेतला आहे, डावीकडे मराठी व उजवीकडे उर्दू. गाडीचा नंबर, चेसीस नंबर, इंजिन नंबर आरसीवर काय व प्रत्यक्षात काय, कोणती कामे, प्रत्येकाची मजुरी, सुटे भाग कोण आणणार, कोणत्या बदलाला परवानगी लागते हे मालकाला सांगितले व त्याला समजले, तारीख, दोन सह्या. पहिल्या गिऱ्हाइकाने सही करण्याआधी तो दोनदा वाचला आणि फौजी हिरव्याच्या जागी करडा रंग लिहायला सांगितला.